पी ०.११ आलं, म्हणजे "परिणाम नाही" असं लिहायचं का?

ओढ्याकाठ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्प अहवालातली अडचण आहे. विषय साखर कारखान्याच्या सांडपाण्याचा. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या नद्यांसारखी नदी डोळ्यांसमोर ठेवली आहे, पण खालचे आकडे सरावासाठी तयार केलेले आहेत. कोणत्याही खऱ्या नदीचे किंवा कारखान्याचे नाहीत, त्यामुळे नाव शोधत बसू नका.

गळीत हंगामातले सहा दिवस धरले आहेत. प्रत्येक दिवशी कारखान्याच्या वरच्या अंगाला एक नमुना आणि खालच्या अंगाला एक नमुना. बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू वापरतात तो) मिग्रॅ प्रति लिटरमध्ये:

वर: २.१, १.८, २.४, २.०, २.६, १.९
खाली: २.९, २.०, ३.९, १.९, ४.१, २.३

सरासरी वर २.१३, खाली २.८५. एक्सेलमध्ये टी-चाचणी लावली तर पी (मुळात फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता) ०.११ आलं. ०.०५ पेक्षा जास्त आहे म्हणून शून्य परिकल्पना ("फरक नाही" हे गृहीतक) स्वीकारली आणि अहवालात लिहिलं: "कारखान्याच्या सांडपाण्याचा नदीवर परिणाम होत नाही."

मार्गदर्शक सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला एवढंच लिहिलं: "दुसऱ्या प्रकारची चूक?" दोन्ही चुकांच्या व्याख्या पाठ आहेत. इथं त्यांचं काय करायचं ते कळत नाही. आणि नमुने किती घ्यायला हवे होते?

---

घटप्रभा_गणित यांचं उत्तर:

चुकांकडं नंतर जाऊ. आधी तुम्ही चाचणीच वेगळी लावली आहे.

एक्सेलच्या टी-टेस्ट सूत्रात चार गोष्टी द्याव्या लागतात: पहिली रांग, दुसरी रांग, शेपट्या किती (१ म्हणजे फरकाची एकच दिशा, २ म्हणजे दोन्ही), आणि शेवटी प्रकार. प्रकार १ म्हणजे जोडीची चाचणी, २ म्हणजे दोन स्वतंत्र गट आणि प्रचरण (आकड्यांचा पसरटपणा) समान, ३ म्हणजे स्वतंत्र गट आणि प्रचरण असमान. तुमचं ०.११ प्रकार २ चं आहे, मी ताडून बघितलं. पण तुमचे नमुने स्वतंत्र नाहीत. एकाच दिवशी वर आणि खाली घेतलेत. ज्या दिवशी नदीत पाणी कमी, त्या दिवशी दोन्हीकडं बीओडी चढणार. दिवसादिवसातला हा चढउतार तुम्ही गोंगाट म्हणून हिशोबात धरला आणि खरा फरक त्यात बुडाला.

जोडीनं करू. फरक (खाली वजा वर): ०.८, ०.२, १.५, उणे ०.१, १.५, ०.४. सरासरी ०.७१७. फरकांचं प्रमाण विचलन ०.६७४. त्याला सहाच्या वर्गमुळानं (२.४४९) भागलं की प्रमाण त्रुटी ०.२७५. टी = ०.७१७ भागिले ०.२७५ = २.६१. मुक्तिमात्रा (जोड्या वजा एक) ५. दोन शेपट्यांचं पी साधारण ०.०४८.

म्हणजे तेच बारा आकडे, एका चाचणीत ०.११ आणि दुसरीत ०.०४८. पण हे बघून हुरळून जाऊन "परिणाम सिद्ध झाला" असं लिहू नका. जोडीची चाचणी बरोबर आहे ती नमुने तसे घेतले म्हणून. पी लहान आलं म्हणून ती निवडली असती तर ती लबाडी झाली असती. उलट झालं असतं, जोडीचं पी मोठं आलं असतं, तरी जोडीचीच लावावी लागली असती.

पी पेक्षा विश्वास अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो) बघा की. जोडीच्या हिशोबानं ९५ टक्के अंतराल ०.०१ ते १.४२. तुमच्या जुन्या, चुकीच्या चाचणीनं उणे ०.२० ते १.६३. त्या जुन्या अंतरालातसुद्धा दीड मिलिग्रॅमची वाढ बसते! दीड मिलिग्रॅम वाढ शक्य आहे असं ज्या आकड्यांतून निघतं, त्यांच्यावरून "परिणाम नाही" हे वाक्य निघेल कसं? लाल रेघ त्याला आहे.

जाता जाता: "शून्य परिकल्पना स्वीकारली" असं लिहू नका. "नाकारता आली नाही" लिहा. शब्दांचा खेळ वाटेल, पण तुमची सगळी गफलत त्या एका क्रियापदात आहे.

---

भातराखण_खानापूर यांचं उत्तर:

चुकांबद्दल. आमच्याकडं भात पिकायला लागलं की रात्री राखणीला बसतात. गवा आलेला नसताना पानांची सळसळ ऐकून डबा बडवला आणि सगळी वाडी उठवली, ती पहिल्या प्रकारची चूक. गवा येऊन भात खाऊन गेला आणि राखणदार "काही नव्हतं" म्हणाला, ती दुसरी. आता प्रश्न असा की राखणदार मुळात जागा होता का? जागाच नसेल तर त्याच्या "काही नव्हतं" ला किंमत नाही. जागं असण्याच्या त्या मापाला पॉवर म्हणतात.

तुमच्या राखणदाराची पॉवर काढू. आधी एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल: किती फरक नदीच्या दृष्टीनं महत्त्वाचा? हे संख्याशास्त्र सांगत नाही. समजा ०.५ मिग्रॅ. कारण वर २.१ च्या आसपास आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात आंघोळीच्या पाण्याला (ब वर्ग) बीओडी ३ किंवा त्याहून कमी लागतो. ०.५ ची भर पडली की मर्यादेपर्यंतची निम्म्याहून अधिक मोकळीक संपते.

खरा फरक ०.५, प्रमाण विचलन ०.६७, सहा जोड्या, अल्फा (पहिल्या चुकीची चालवून घेतलेली शक्यता) ०.०५, दोन शेपट्या. पॉवर येते साधारण ३१ टक्के. म्हणजे नदीत खरोखर अर्धा मिलिग्रॅम वाढ होत असताना अशा सहा-सहा जोड्यांचे शंभर अभ्यास केले, तर त्यातले ६९ "फरक आढळला नाही" म्हणणार. पहिल्या चुकीला तुम्ही ५ टक्क्यांवर बांधून ठेवलंत आणि दुसरीला ६९ टक्के मोकळं रान दिलंत.

हे मोकळं रान फुकट नसतं. पहिल्या चुकीचा भुर्दंड कारखान्यावर: नसलेल्या दोषासाठी शुद्धीकरण संयंत्रावर खर्च. दुसऱ्या चुकीचा भुर्दंड खालच्या गावांवर, तिथल्या जॅकवेलवर (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीवर), मासेमारीवर. अल्फा ०.०५ हा काही निसर्गनियम नाही. फिशरनी १९२५ मध्ये सोयीचा म्हणून सुचवला आणि तो चिकटला. दोन्ही चुकांचा तोल आधी ठरवून चाचणी बेतायची ही पद्धत नेमन आणि एगॉन पीअरसन यांची, १९३३ ची. नमुने वाढवणं शक्यच नसेल तर अल्फा ०.२० ठेवा: याच सहा जोड्यांत पॉवर ६५ टक्क्यांच्या आसपास जाते, दुसरी चूक ३५ वर येते. प्राथमिक पाहणीला हा सौदा मला तरी जास्त प्रामाणिक वाटतो. अट एकच, तो नमुने घेण्याआधी लिहून ठेवायचा.

नमुने किती? कच्चं सूत्र: (१.९६ + ०.८४) चा वर्ग, गुणिले प्रचरण (विचलनाचा वर्ग), भागिले फरकाचा वर्ग. ७.८४ × ०.४५४ ÷ ०.२५ = १४.२. पण यात विचलन आधीपासून पक्कं माहीत आहे असं गृहीत आहे. ते नमुन्यातूनच काढायचं असल्यामुळं टी-वितरणाची भर घालावी लागते; मग ८० टक्के पॉवरला १७ जोड्या लागतात. "वाढच होईल, घट होणार नाही" असं आधीच ठरवून एका शेपटीची चाचणी घेतली तर १३.

आणि ०.६७ या विचलनावर फार भरवसा ठेवू नका. सहा आकड्यांतून काढलेलं आहे, त्याचं ९५ टक्के अंतराल ०.४२ ते १.६५ आहे. खरं विचलन १ निघालं तर १७ च्या जागी ३४ जोड्या लागतील. हाताशी वेळ असेल तर थोडी चढी संख्या धरा.

---

नमुनाबाटली यांचं उत्तर:

वरचे दोघं आकड्यांचे आहेत, मी बाटलीच्या बाजूनं बोलतो. नदीवर आणि प्रयोगशाळेत जे बिघडतं ते कुठलंच पी-मूल्य दुरुस्त करत नाही.

वरची जागा कुठली? सीमाभागातल्या नद्यांवर दर काही किलोमीटरला बंधारा. पावसाळा संपला की बर्गे (बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या) टाकतात आणि मागं पाणी तुंबतं. वरचा नमुना तुंबलेल्या पाण्यातला आणि खालचा बंधाऱ्यावरून पडून फेसाळलेल्या पाण्यातला असेल, तर तुम्ही बंधारा मोजताय, कारखाना नव्हे. दोन्ही जागा एकाच तऱ्हेच्या हव्यात: दोन्ही वाहत्या किंवा दोन्ही तुंबलेल्या.

मधे गावाचा ओढा मिळतो का? गटाराचं पाणी त्यातूनच येतं. मिळत असेल तर तिसरी जागा ओढ्याच्या खाली आणि कारखान्याच्या वर धरा, नाहीतर गावाचं पाप कारखान्याच्या माथी.

वेळ. दोन जागांत ४ किमी अंतर आणि पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटर असेल तर वरचं पाणी खाली पोचायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. वर सकाळी ८ ला नमुना घेतला तर खालचा पावणेबाराच्या सुमाराला. दोन्ही ठिकाणी ८ लाच घेतले तर जोडी नावापुरती राहते.

"सहा नमुने" म्हणजे काय तेही तपासा. एकाच दिवशी एकाच जागी सहा बाटल्या भरल्या तर ती नमुनासंख्या सहा नव्हे, एक. त्या सहांतून फक्त तुमच्या हाताची आणि प्रयोगशाळेची चूक मोजता येते. याला खोटी पुनरावृत्ती म्हणतात. हर्लबर्टनी १९८४ मध्ये यावर लिहिलं, तरी अहवालांतून ती अजून गेलेली नाही. तुमच्या आकड्यांत सहा वेगळे दिवस आहेत, तेवढं बरं आहे.

आता बीओडी. आपल्याकडची पद्धत २७ अंश, ३ दिवस. २७ अंशाला हवेनं भरलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू जेमतेम ८ मिग्रॅ, बेळगावच्या उंचीवर त्याहून थोडा कमीच. चाचणी ग्राह्य धरायला तीन दिवसांत किमान २ मिग्रॅ घट आणि शेवटी किमान १ मिग्रॅ शिल्लक लागते. नमुना पातळ न करता लावला आणि बीओडी १.८ आला, म्हणजे घट २ च्या आत. बऱ्याच प्रयोगशाळा तिथं "२ पेक्षा कमी" एवढंच लिहितील. तुमच्या बारा आकड्यांतले १.८, १.९ आणि १.९ हे तिन्ही त्या पट्ट्यात येतात. आणि तुमचा सगळा वाद ०.७ चा!

म्हणून दर खेपेला एका तरी जागेचा दुहेरी नमुना लावा. नमुना पातळ करायच्या नुसत्या पाण्याच्या (कोऱ्या) बाटलीत घट ०.२ च्या वर गेली तर त्या दिवसाचे आकडे संशयित धरा. बाटली ३०० मिलीची, बुडबुडा न राहता काठोकाठ, बर्फात ठेवून आणलेली, आणि शक्यतो सहा तासांत उबवणपेटीत. दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेला नमुना वाटेतच आपला बीओडी खाऊन येतो. आकडा कमी दिसतो आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीला आयतं खतपाणी मिळतं.

---

उलटीबाजू यांचं उत्तर:

घटप्रभा_गणित यांच्या ०.०४८ वर थोडा वाद घालतो. सहा फरक, त्यात दोन १.५ चे आणि बाकी लहान. टी-चाचणीसाठी फरक साधारण घंटाकृती असावेत. सहांवरून ते ना सिद्ध होतं ना खोडता येतं. विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रम चाचणी लावा (ती फरकांचे आकडे नाही, त्यांची चिन्हं आणि लहानमोठेपणाचे क्रम बघते): उणे फरक एकच, तोही सर्वांत लहान, म्हणजे उणे क्रमांची बेरीज १. तंतोतंत पी दोन शेपट्यांनी ४ भागिले ६४ = ०.०६२५. झाला की नाही तिसरा निकाल? या चाचणीत पाचच जोड्या असतील तर सगळे फरक एकाच दिशेचे आले तरी दोन शेपट्यांचं पी ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही. पाच जोड्या घेऊन विल्कॉक्सन ०.०५ ला लावणारे अहवाल असतात. ती चाचणी सुरू व्हायच्या आधीच हरलेली असते.

बीओडीसारख्या मापात मला वजाबाकीपेक्षा गुणोत्तर पटतं. खाली भागिले वर, त्याचा लॉग, त्यावर जोडीची टी. तुमच्या आकड्यांत सरासरी गुणोत्तर १.२९, अंतराल १.०३ ते १.६०. "खाली बीओडी २९ टक्के जास्त, अंतराल ३ ते ६० टक्के" हे ग्रामपंचायतीतल्या माणसालाही कळतं. पी-मूल्य त्याला काय सांगणार?

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. शून्य परिकल्पना "फरक नाही" अशीच का? ती घेतली की पुराव्याचा बोजा नदीवर येतो. आळशी अभ्यास, थोडे नमुने, गचाळ प्रयोगशाळा: तिन्हींनी पी वाढतं आणि तिन्हींचा फायदा सांडपाणी सोडणाऱ्याला. आता उलटं मांडा: "खालचं पाणी ३ च्या मर्यादेत नाही" ही शून्य परिकल्पना, आणि ती खोडून काढायची जबाबदारी "स्वच्छ आहे" म्हणणाऱ्यावर.

तुमच्या खालच्या सहा आकड्यांवर दोन्ही करून बघा. सरासरी २.८५, विचलन ०.९६, प्रमाण त्रुटी ०.३९. एका बाजूची ९५ टक्के वरची हद्द २.८५ + २.०१५ × ०.३९१ = ३.६४, खालची २.०६. मर्यादा ३. पहिल्या मांडणीनं ("पाणी मर्यादेत आहे" हे गृहीत धरून) "मर्यादा ओलांडली" सिद्ध होत नाही, दुसऱ्या मांडणीनं "मर्यादेत आहे" हेही सिद्ध होत नाही. आकडे तेच, पण पहिल्या अहवालाचा मथळा "प्रदूषण आढळलं नाही" आणि दुसऱ्याचा "पाणी सुरक्षित असल्याचं दाखवता आलं नाही". मथळा कुणी आणि कधी ठरवला ते आधी विचारायचं.

(सरासरी मर्यादेत असली तरी सहापैकी दोन दिवस ३.९ आणि ४.१ आहेत. नदीतला मासा सरासरीत जगत नाही.)

---

ओढ्याकाठ:

सगळ्यांचे आभार. एक्सेलमध्ये प्रकार २ च टाकला होता, पकडलंत. आता दोन शंका. १७ जोड्या म्हणजे लागोपाठ १७ दिवस घेतले तर चालतील का? हंगाम संपत आलाय. आणि बीओडी सोडून अजून ११ मापं आहेत (नायट्रेट, क्लोराइड, गढूळपणा वगैरे). प्रत्येकाला वेगळी चाचणी लावू का?

---

भातराखण_खानापूर:

लागोपाठ नको. आजचं पाणी कालच्यासारखंच असतं. लगतच्या दिवसांतला सहसंबंध ०.४ धरला तर प्रत्यक्ष कामाची नमुनासंख्या साधारण १७ × ०.६ ÷ १.४ = ७.३. सतरा दिवस राबून सातांचं काम. टी-चाचणीला हे कळत नाही, ती १७ धरून अंतराल अरुंद दाखवते आणि मग पहिल्या प्रकारची चूक ५ टक्क्यांवर राहत नाही.

आठवड्याला एक घ्या. पण वार ठरलेला नको. कारखान्यातली धुलाई एखाद्या ठरावीक वारी होत असेल आणि तुम्ही नेहमी दुसऱ्या वारी गेलात, तर सगळा हंगाम ती निसटेल. आठवड्यातला वार चिठ्ठी टाकून काढा आणि आधीच वहीत लिहून ठेवा. आठवड्याला एक म्हणजे १७ ला चार महिने, जवळजवळ अख्खा हंगाम. यंदा जमणार नाही. यंदाच्या आकड्यांना प्राथमिक पाहणी म्हणा आणि विचलनाचा अंदाज तेवढा घ्या.

हंगाम संपतोय त्याचा मात्र उपयोग आहे. गाळप थांबल्यावर, पावसाआधी, त्याच दोन जागी त्याच पद्धतीनं जोड्या घ्या. हंगामातले फरक एका गटात, बंद काळातले फरक दुसऱ्या गटात, आणि या दोन गटांवर स्वतंत्र गटांची असमान प्रचरणाची चाचणी, तुमच्या एक्सेलचा प्रकार ३. वरच्या-खालच्या जागेत मुळातच असलेला फरक यात वजा होऊन जातो. नुसत्या वर-खाली तुलनेनं "खाली जास्त आहे" एवढंच कळतं, "कारखान्यामुळं" हे कळत नाही. एप्रिल-मेमध्ये नदीचा प्रवाह उतरतो हे मात्र ध्यानात ठेवा, त्यामुळं प्रत्येक खेपेला प्रवाहाची नोंद हवी.

---

घटप्रभा_गणित:

बारा मापांचं मी सांगतो. कशातच काही फरक नसला आणि मापं एकमेकांपासून स्वतंत्र असली, तरी बारा चाचण्यांत निदान एक तरी खोटी घंटा वाजण्याची शक्यता १ वजा ०.९५ चा बारावा घात, म्हणजे ४६ टक्के. बॉन्फेरोनीची दुरुस्ती केली तर प्रत्येकाला ०.०५ ÷ १२ = ०.००४२ ची पातळी. पण सहा-सात जोड्यांवर ती लावलीत तर पॉवर पार झोपते. पहिली चूक दाबली की दुसरी वर येते, हे इथंही आहेच.

मधला रस्ता: मुख्य माप एकच, बीओडी, आधी जाहीर करून. त्याला पूर्ण ०.०५. बाकी अकरांना बेंजामिनी-होचबर्ग (१९९५): पी-मूल्यं चढत्या क्रमानं लावा, क्रमांक भागिले ११ गुणिले ०.१० ही प्रत्येकाची हद्द. ज्या शेवटच्या क्रमांकाचं पी आपल्या हद्दीत बसतं, तिथपर्यंतची सगळी घ्या. इथं हमी वेगळी असते: पकडलेल्यांपैकी सरासरी दहा टक्क्यांपर्यंत खोटी असू शकतात.

नायट्रेटला एक खड्डा आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मर्यादा ४५ मिग्रॅ आहे ती नायट्रेट म्हणून. प्रयोगशाळेनं "नायट्रेट-नायट्रोजन" दिलं असेल तर ४.४३ नं गुणा. १२ वाचून निश्चिंत व्हाल, ते ५३ असतं.

अहवालातलं वाक्य असं काहीसं करा: "सहा जोड्यांत खालच्या अंगाचा बीओडी सरासरी ०.७२ मिग्रॅ/लि जास्त आढळला (९५ टक्के अंतराल ०.०१ ते १.४२). ०.५ मिग्रॅ/लि इतका फरक पकडण्याची या पाहणीची क्षमता सुमारे ३१ टक्के होती. फरकाचं कारण या मांडणीतून ठरवता येत नाही." पहिल्या चाचणीचं ०.११ झाकू नका; कुठली चाचणी का बदलली ते तळटीपेत द्या.

---

नमुनाबाटली:

एक राहिलं. पुढच्या खेपेला प्रयोगशाळेनं "२ पेक्षा कमी" असं दिलं तर तिथं १ टाकून टी-चाचणी करू नका. सगळे तसे आकडे एकसारखे झाले की विचलन खोटं लहान होतं. असे दोन-तीनच असतील तर जोडीत कोण मोठं एवढं बघणारी चिन्ह चाचणी चालते, आणि दोन्ही बाजू "२ पेक्षा कमी" असतील ती जोडी बरोबरीची. आणि बंद काळातल्या जोड्या घ्यायला जाल तेव्हा आधी बर्गे काढलेत का ते बंधाऱ्यावर जाऊन बघा. मधेच काढले असतील तर त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या जोड्या एका गटात घालू नका.